काळ्या जॅकेटातला मुलगा

"लंडनहून आलात ना तुम्ही?"

तो बर्फात एक गुडघा टेकून पायातल्या स्नोशूचा पट्टा आवळत होता. त्याने मान वर केली. काळी लोकरी टोपी, काळं जॅकेट, आणि गालांवर चांगली दोन दिवसांची दाढी. मुलगी बघायला येताना दाढी न करणारा मुलगा मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. मनातल्या मनात मी त्याला एक मार्क देऊन टाकला.

"हो," तो म्हणाला. "आत्ताच पोचलो. ट्रेन लेट होती."

"मी वैजयंती. पुढचे दोन तास आपल्याला एकत्र काढायचेत. ठरलंय ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग लांब शिट्ट्या वाटत उभ्या असलेल्या पद्माकरकाकांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "ठरलंय? ओके... चालेल. आय ॲम ईझी."

सत्त्याऐंशीच्या जानेवारीतली ही गोष्ट. त्या आठवड्यात अर्धं इंग्लंड बर्फाखाली गेलं होतं, आणि बर्मिंगहॅमच्या आमच्या मंडळाचे अध्यक्ष पद्माकरकाका यांना त्यातून स्फूर्ती झाली होती. एरवी आमची संक्रांत चर्चच्या हॉलमध्ये, हीटरला चिकटून साजरी व्हायची. या वर्षी काकांनी ती डर्बीशायरच्या डोंगरातल्या एका जंगल-पार्कात नेली. तिथल्या रेंजरकडे कॅनडाहून आणलेले स्नोशू होते. लाकडाची लांबट चौकट आणि मध्ये चामड्याच्या पट्ट्यांची जाळी. पायांना दोन सुपं बांधून चालावं तसला प्रकार. पण त्यांच्यामुळे माणूस गुडघाभर बर्फातही बुडत नाही. नियम दोनच. जोडीने चालायचं, प्रत्येक जोडीकडे एक शिट्टी. आणि पुढे चालणाऱ्याने बर्फ तुडवून वाट करायची, मागच्याने त्याच ठशांवर पाय टाकायचा.

आई आणि माझ्यात त्या दिवसापुरता एक तह झाला होता. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढायचे, आणि तोवर चार मुलांना न भेटताच नकार दिला होता. पाचवा लंडनमधल्या इल्फर्डचा शशिधर, मावशीच्या ओळखीतला. मंगळवारी तो पुण्याला चालला होता आणि तिथे तीन मुली त्याची वाट बघत होत्या.

"हे बघ वैजू," आई म्हणाली होती, "तो संक्रांतीला पार्कात येतोय. दोन तास त्याच्याशी मनापासून बोल. फसवायचं नाही. परत येताना कोचमध्ये मला हो की नाही ते सांग. हो म्हणालीस तर रात्रीच फोन करते. नाही म्हणालीस तर वर्षभर मी मुलाचं नाव काढणार नाही."

वर्षभर. मला तेवढंच ऐकू आलं. त्याची नोकरी, त्याचं शिक्षण, सगळं आई सांगत होती तेव्हा मी केस वाळवत होते. त्याचा फोटोही मी पाहिला नव्हता. तत्त्व म्हणून.

त्याच्या आईने फोनवर खूण कळवली होती की संक्रांत म्हणून तो काळं जॅकेट घालून येईल. आता संक्रांतीला काळं घालायचं म्हणून आमचं सगळंच मंडळ काळ्यात होतं. त्या पांढऱ्याशुभ्र बर्फावर आम्ही बत्तीस जण कावळ्यांची सभा भरल्यासारखे दिसत होतो. तरी आईने कोचच्या दारातून बोट दाखवलं. "तो बघ. उंच. एकटाच उभा आहे. फोटोत अगदी असाच आहे." मग स्वतःचे गुडघे सांभाळत ती पार्कच्या टी-रूममध्ये गेली, आणि मी त्याच्याकडे.

पहिली शंभर पावलं आम्ही दोघं बदकासारखे चाललो. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं बर्फाने वाकलेली. आवाज म्हणजे फक्त आमच्या पायांखालची करकर. हवा इतकी स्वच्छ की नाकातून आत जाताना जाणवत होती. मी तहाचा पहिला भाग उरकून घ्यायचं ठरवलं.

"आधीच सांगते, म्हणजे गैरसमज नको. मी नाही म्हणणार आहे. वाईट वाटून घेऊ नका."

"कशाला नाही?"

"लग्नाला."

तेव्हा आम्ही ओढ्यावरच्या लाकडी पुलावर होतो. त्याचा उजवा स्नोशू डाव्या स्नोशूवर पडला आणि तो आडवा झाला, अगदी हळू, झाड पडावं तसा.

"लग्नाला," तो बर्फातूनच म्हणाला. "राइट."

"लागलं का?"

"नाही. मी फक्त... विचार करतोय."

मी हात दिला. तो उठला, हात सोडला, आणि टोपीतला बर्फ झटकत काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी बोलू दिलं नाही. मला वाटलं, आता हा मला समजावणार.

"तुमच्यात काही कमी आहे म्हणून नाही. दोष माझ्यातच आहेत. मोजून सांगते हवं तर."

"मला तुम्ही नको म्हणू," तो म्हणाला. "मला माझे डॅड झाल्यासारखं वाटतं." त्याचं मराठी इथे जन्मलेल्या मुलांचं होतं, थोडं अडखळणारं. "पण दोष सांग. आय ॲम लिसनिंग."

"मला स्वयंपाक येत नाही."

"मला फक्त आमटी येतो. चार दिवस तोच खातो."

"मी सकाळी चहा होईपर्यंत कुणाशी बोलत नाही."

"सकाळी मी झोपलेला असतो. नाइट शिफ्ट. ॲक्च्युअली, माझं काम म्हणजे..."

"नोकरीचं नको," मी त्याला थांबवलं. "ते आईने सगळं सांगितलंय. मला पाहुण्यांसमोर गोड हसता येत नाही. मी गाडी फार जोरात चालवते. आणि मला हरायला आवडत नाही, कॅरममध्येसुद्धा."

"हे सगळं तू पहिल्याच भेटीत सांगते?"

"वेळ वाचतो."

तो हसला. आवाज न करता हसायचा तो, खांदे हलायचे फक्त. मी दुसरीकडे बघितलं, कारण मलाही हसू येत होतं आणि ते तहात बसत नव्हतं.

चढ लागला तसा बर्फ वाढला. तो पुढे होऊन वाट पाडत होता. त्याच्या ठशांत पाय टाकत मी मागून मजेत चालत होते. थोड्या वेळाने मला त्या मजेचा राग आला. "आता मी पुढे," मी म्हटलं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, अगं राहू दे, दमशील. हा नुसता बाजूला झाला. पुढे चालणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. प्रत्येक पाऊल उचलायचं, दाबायचं, पुन्हा उचलायचं. दहा मिनिटांत मांड्या भरून आल्या. थांबू या असं मी मेले तरी म्हटलं नसतं, आणि नेमकं तेव्हाच मागून आवाज आला. "माझा टर्न." त्याला कसं कळलं, देव जाणे. मग दहा मिनिटं तो, दहा मिनिटं मी, असं न बोलता ठरूनच गेलं.

एका वळणावर मी तिळाचे लाडू काढले. थंडीने त्यांचे दगड झाले होते. त्याने एक दाताखाली धरून बघितला, मग मुकाट्याने अख्खा गालात ठेवला. मीही तेच केलं. पाच मिनिटं आम्ही दोघं फुगलेल्या गालांनी एकमेकांकडे बघत उभे होतो, आणि हसलो तर लाडू बाहेर येईल म्हणून हसताही येत नव्हतं.

"आणखी एक दोष राहिला," लाडू विरघळल्यावर मी म्हटलं. हा दोष मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण यावर चांगली चांगली स्थळं घाबरतात असं मावशी म्हणायची. "मला मे महिन्यापासून एडिनबराला जायचंय. वर्षभराचा कोर्स आहे, नव्या स्कॅनरवरचा. मला जागा मिळालीय. लग्न झालं तरी मी जाणार."

तो चालता चालता थांबला. "हे दोषात का घातलं तू?"

"म्हणजे?"

"हे तर मस्त आहे. तुला हवा होता, तो मिळाला. आणि एडिनबरा काय, हीथ्रोहून शटल असते. एक तास दहा मिनिटं. दर दोन तासांनी."

"तुला टाइमटेबल पाठ आहे?"

"ते... हो. थोडं."

मावशीपासून मंडळातल्या काकवांपर्यंत सगळ्यांनी मला एडिनबराबद्दल एकच प्रश्न विचारला होता, की मग लग्नाचं काय. आणि हा दाढी वाढवलेला माणूस मला विमानं कधी सुटतात ते सांगत होता. माझ्या छातीत काहीतरी धडधडायला लागलं. चढामुळे असेल म्हणावं, तर आम्ही थांबलेलो होतो.

एवढ्यात वरच्या फांदीवरचा बर्फ सरकला आणि धप्पकन माझ्या डोक्यावर आला. मी टोपी झटकली. तो जवळ आला, हातमोजा काढला, हात पुढे केला... आणि थांबला. मग नुसतं बोटाने दाखवलं. "इथे. डोळ्याच्या वर."

मी डाव्या भुवईवरून हात फिरवला.

"दुसऱ्या साइडला."

मी कपाळ पुसलं.

"वैजयंती, तू मुद्दाम करते."

"मी कशाला मुद्दाम करू?"

मग त्यानेच तो पुसला. बोटं गार होती, आणि एकदा पुसून झाल्यावर पुन्हा पुसायचं काही कारण नव्हतं, तरी त्याने पुसलं. "तुझी नाक लाल झाली आहे," तो हळूच म्हणाला. माझं सगळंच लाल झालं होतं.

माथ्यावर पोचलो तेव्हा ढग फाटले होते. खाली दरीभर ऊन सांडलं होतं, झाडं चमचमत होती, आणि लांब कुठेतरी आमच्या मंडळाचे काळे ठिपके उतरत होते. मला ओरडावंसं वाटत होतं, पळावंसं वाटत होतं, पायात सुपं बांधलेली असताना. आईला जिंकू द्यायचं माझ्या फार जिवावर आलं होतं. पण जे खरं होतं ते खरं होतं, आणि मनापासून बोल असं तिनेच सांगितलं होतं.

"ऐक," मी म्हटलं, "मी मघाशी पुलावर जे म्हटलं ना... ते मागे घेते. आईला मी हो सांगणार आहे."

त्याचा चेहरा आधी उजळला. अगदी लख्ख. आणि मग लगेच पडला.

"वैजयंती," तो म्हणाला, "तू ज्याला भेटायला आली... तो मी नाही."

"म्हणजे काय?"

"माझं नाव माधव आहे. माझा बहीण बर्मिंगहॅममध्ये राहते, नंदा. ती म्हणाली मंडळाचा वॉक आहे, तू ये. मग तिलाच ताप आला. मी इथे कुणाला ओळखत नाही. तू आली, दोन तास म्हणाली, मला वाटलं ती शिट्टीची जोडी. आय थॉट यू वेअर माय पार्टनर."

खाली दरीत कुणीतरी शिट्टी वाजवली. मी विचारलं, "आणि तुला कळलं कधी?"

"पूल. जिथे मी पडलो."

"पुलाला तास होऊन गेला."

"माहीत आहे. आधी वाटलं जोक आहे. मग सांगणार होतो, दर टर्नला. मग तू एडिनबराचं सांगितलं, आणि मग... सांगितलं असतं तर तू परत गेली असती. त्याच्याकडे." त्याने टोपी काढून हातात चुरगाळली. "ते दोन तास माझे नव्हते. मला हवे होते. आय ॲम सो सॉरी."

मी कोचमध्ये हो म्हटलं असतं तर आईने रात्रीच इल्फर्डला फोन लावला असता, आणि मी कधी न पाहिलेल्या माणसाशी माझं लग्न ठरलं असतं. हे आधी लक्षात आलं. मग संताप आला. कुणाला कधी न सांगितलेलं सगळं मी या माणसाला सांगितलं होतं, आणि ते ऐकायचा त्याला काही एक हक्क नव्हता.

उतरताना सगळी वाट मीच पुढे होते. एकदाही त्याला टर्न दिला नाही. मागून त्याच्या पावलांची करकर येत होती, ना जवळ, ना लांब. एकदा त्याने सांगितलं की तो हाउन्सलोला राहतो, हीथ्रोच्या रनवेवरचा बर्फ काढणाऱ्या टीममध्ये आहे, पाच रात्री झोपला नाही, आणि काढावा न लागणारा बर्फ बघायला म्हणून आला होता. दुसऱ्यांदा म्हणाला की त्याची ट्रेन सव्वाचारला आहे, रेंजरची लँड रोव्हर त्याला स्टेशनवर सोडणार आहे. मी "हं" एवढंच म्हटलं. राग त्याचा होता, फोटो न पाहणाऱ्या माझ्या तत्त्वाचा होता, आणि सगळ्यात जास्त राग याचा होता की तो शशिधर निघाला असता तर किती बरं झालं असतं.

टी-रूममध्ये आई एका उजळ वर्णाच्या, कपाळ मोठं होत चाललेल्या माणसासमोर बसली होती. त्याचं काळं जॅकेट व्यवस्थित घडी करून खुर्चीवर ठेवलेलं होतं. मला पाहून तो अदबीने उठला. "मी शशिधर. सॉरी, एम-वन हायवेवर अडकलो. सगळे निघून गेल्यावर पोचलो." माणूस वाईट नव्हता. पण आईचा चेहरा मी इतका दमलेला कधी पाहिला नव्हता.

तिने मला दंडाला धरून कोपऱ्यात नेलं. "कोण होता तो? कुणाबरोबर गेलीस तू?"

"तूच बोट दाखवलंस."

"मला फोटोत तसाच वाटला."

"आई, शशिधरला टक्कल पडतंय."

"त्याने टोपी घातली होती ना," आई पुटपुटली. मग आवाज आणखी खाली आणला. "वैजू, हा मुलगा दोन तास मला रस्ते सांगतोय. कुठल्या जंक्शनला बाहेर पडायला हवं होतं, कुठून वळायला हवं होतं. मी गाडी चालवते तरी का? पण असू दे, माणसं बोलायला लागली की बोलतात. कोच सुटायला अर्धा तास आहे. बस त्याच्यासमोर, बोल, आणि मग सांग."

किती सोपं होतं. अर्धा तास बसायचं, नाही म्हणायचं, वर्षभराची शांतता खिशात टाकायची. आणि त्या वर्षभरात हाउन्सलोच्या एका माणसाचं नावही घरात निघालं नसतं, कारण ते काढणारी मीच असायला हवी होते.

"आई, फसवायचं नाही म्हणाली होतीस ना? मग ऐक. याला माझा नकार आहे, पण त्याचं काही चुकलेलं नाही. मला तो दुसरा आवडलाय. तो तासभर माझ्याशी खोटं वागला, मी त्याच्यावर भयंकर चिडलेय, आणि तरी मला तोच आवडलाय. तुझं ते वर्ष नको मला."

"चिडलीयस ते दिसतंय," आई म्हणाली. "नाव काय?"

"माधव."

"आडनाव?"

"नाही विचारलं."

"दोन तास काय बोललात मग?"

"बाकी सगळं."

बाहेर लँड रोव्हरचं इंजिन सुरू झालं. आईने खिडकीतून पाहिलं, मग माझ्याकडे. "तो त्यात आहे?"

मी मान हलवली.

"शशिधरशी मी बोलते. मोठ्यांनी सांगितलेलं बरं दिसतं." तिने माझा मफलर गळ्याभोवती घट्ट ओढला, मी शाळेत जात असल्यासारखा. "आणि हे बघ, आडनाव विचार आधी. जा."

मी धावले. पायात आता स्नोशू नव्हते, त्यामुळे दर दोन पावलांना गुडघ्यापर्यंत आत जात होते. लँड रोव्हर गेटकडे वळली होती. मी तिच्या बोनेटवर हात आपटला आणि रेंजरने ब्रेक लावला. माधवने काच खाली केली. त्याचे डोळे लाल होते, पाच रात्रींचे असतील किंवा नसतील.

"मी अजून चिडलेलीच आहे," मी धापा टाकत म्हटलं.

"माहीत आहे."

"पुन्हा असं केलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. कधीच."

"नाही करणार."

"आणि मी आईला सांगितलंय की... मला तू आवडतोस. तू. शशिधर म्हणून नाही."

त्याचा हात दाराच्या कडीवर गेला.

"इन ऑर आउट, लॅड?" रेंजरने विचारलं. "तुझी ट्रेन थांबणार नाही."

माधवने दार उघडलं. आधी बॅग बर्फात टाकली, मग स्वतः उतरला. गाडी निघून गेली. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मला पण," तो म्हणाला. "मला पण तू... खूप. असं मी कुणाला म्हटलं नाही कधी. मराठीत तर नाहीच."

"आता घरी कसा जाणार?"

"बर्मिंगहॅमहून जाईन. तुमच्या कोचमध्ये जागा असेल तर."

"आडनाव काय तुझं?"

"देवस्थळी. का?"

"आईला हवंय."

त्याने हातमोजा काढून हात पुढे केला, आणि या वेळी तो मध्येच थांबला नाही. समोर कोचच्या खिडक्यांवरची वाफ आतून एकेक करून पुसली जात होती, आणि पुसलेल्या प्रत्येक गोलात मंडळाचं एकेक ओळखीचं तोंड उगवत होतं. सोमवारपर्यंत बातमी इल्फर्डला, मंगळवारपर्यंत पुण्याला पोचणार हे मला स्वच्छ दिसत होतं. मी त्याचा हात सोडला नाही.